तवक्कुल आणि एक सही

२०१८ सालचा डिसेंबर महिना. माझ्या टेबलावर सेहेचाळीस संमतीपत्रे होती आणि त्यांतली एकोणतीस कोरीच परत आली होती. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २७ नोव्हेंबरला राज्यभर सुरू झाली होती. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, त्याने आधी लस घेतलेली असो वा नसो, एक टोचणी द्यायची होती आणि सुरुवात शाळांपासून झाली होती. मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या वर्षी सहावीचा वर्गशिक्षक होतो. त्यामुळे कोऱ्या कागदांचा जाब मलाच द्यायचा होता.

पालकांना बोलावले. बहुतेक सगळे यंत्रमागावर काम करणारे. काही रातपाळी संपवून थेट आले होते, केसांत अजून कापसाचे तंतू होते. त्या दिवसांत मोबाईलवर एक चित्रफीत घरोघर फिरत होती. ही लस आपल्या मुला-मुलींना निपुत्रिक करण्यासाठी आहे, असे तिच्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते. मी फळ्यावर विषाणूचे चित्र काढले. एका गोवरच्या रुग्णापासून, ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते, रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो, म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली तरच तो थांबतो, असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते अदबीने ऐकून घेतले. आपली माणसे मास्तरचे बोलणे मध्येच तोडत नाहीत. माझे संपल्यावर मागच्या बाकावरचे एक पालक उठले आणि म्हणाले, "सर, बाकी सब ठीक है. आपने अपनी बच्ची को लगवाया क्या?"

मी म्हणालो, "हां, लगवाया."

त्यांनी खिसे चाचपले, पेन सापडले नाही, माझ्याकडे मागितले आणि सही केली. त्यांच्या मागोमाग बाकीचे उठले. चार दिवसांत फक्त पाच कागद कोरे राहिले. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये माझे कौतुक केले.

माझ्या मुलीला ती लस दिलेली नव्हती.

हे कबूल करायला मला इतकी वर्षे लागली. एक वाक्य खोटे बोललो, त्यातून चोवीस मुलांचे भले झाले, मग बिघडले काय, असा युक्तिवाद मी स्वतःशी अनेकदा केला आहे. तो पुरत नाही. का पुरत नाही ते शोधण्यासाठीच हे लिहितो आहे.

माझी मुलगी २०१८ च्या जानेवारीतली. चौदाव्या आठवड्यात तिला पेंटाव्हॅलंटची तिसरी टोचणी दिली आणि त्या रात्री तिला सणसणून ताप भरला. मांडी सुजली, पाय हलवला की ती किंचाळायची. दोन रात्री अम्मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती. असा ताप येऊ शकतो, तो आपोआप उतरतो, हे मला माहीत होते आणि तिसऱ्या दिवशी तो उतरलाही. पण अम्मीने त्याच दिवशी सांगून टाकले, "बस हो गया. अब इसको और सुई नहीं." ऑक्टोबरमध्ये गोवरच्या लसीची तारीख आली. पत्नी कार्ड काढून बसली होती. मी तिला म्हणालो, जरा थांबू, अम्मीचे मन सांभाळू. पत्नी काही बोलली नाही. तिचे मत मी विचारलेच नव्हते, मग ती काय बोलणार? आईचे मन सांभाळण्याचे पुण्य मी बायकोच्या खात्यातून खर्च केले.

अम्मीला मी अडाणी म्हणणार नाही. तिच्या भीतीला एक पत्ता आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण कायद्यावाचून काही अडले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. अम्मीचे थोरले भाऊ, माझे मामू, तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांना एकच मुलगी होती. त्यांना शिबिरात घेऊन जाणारा माणूस पोलीस नव्हता, गावचा मास्तर होता. त्या काळी शिक्षकांना 'केसेस' आणण्याचा कोटा दिलेला असे, कोटा भरला नाही तर पगार अडे. मास्तरने मामूंना सांगितले, कागदावर अंगठा लाव, रेशनचे काम होईल, तुझ्या फायद्याचेच आहे. मामूंना दुसरे मूल झाले नाही. पुढची तीस वर्षे ते त्या मास्तरला रस्त्यात सलाम करत राहिले, कारण गाव लहान होते.

अशा घरात वाढलेल्या बाईला 'सरकारी सुई' या दोन शब्दांत काय ऐकू येत असेल? आणि हे फक्त आपल्याकडचेच नाही. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अबोटाबादमध्ये लसीकरणाचे सोंग उभे केले होते, हे २०११ मध्ये उघड झाले. त्यानंतर पाकिस्तानात पोलिओचे थेंब पाजायला जाणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांना, त्यांत गरीब घरच्या बायाही होत्या, जीव गमवावा लागला. जगात जंगली पोलिओचा विषाणू ज्या दोनच देशांत अजून मुक्काम करून आहे, त्यांतला एक पाकिस्तान आहे. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, हावड्याजवळची दोन वर्षांची मुस्लिम मुलगी. अविश्वास पेरणारे निघून जातात आणि पीक मुलांच्या पायांत उगवते. असो.

अम्मीची भीती अशी खरीखुरी होती. माझी मात्र उसनी होती, आणि उसन्या भीतीला मी मजहबचा आधार शोधू लागलो.

तो सापडणे अवघड नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमांच्या परिषदेने याच गोवर-रुबेला लसीबद्दल फतवा दिला होता. ती लस आपल्या पुण्याची, सीरम इन्स्टिट्यूटची. तिच्या निर्मितीत डुकरापासून मिळवलेला घटक वापरला जातो, म्हणून ती मुळात हराम, असे परिषदेने म्हटले. बातमीचा एवढाच अर्धा भाग आमच्या मोहल्ल्यात पोहोचला. उरलेला अर्धा असा होता की पर्यायी हलाल लस उपलब्ध नाही आणि रोगाचा धोका मोठा आहे, म्हणून निकड असेतोवर ती वापरायला परवानगी आहे. त्याच्याही आधी, १९९५ साली कुवेतमध्ये जमलेल्या उलेमांनी आणि वैद्यकतज्ज्ञांनी वेगळ्याच मार्गाने विचार केला होता. हाडे-चामडी यांचे रूपांतर होऊन जिलेटिन बनते तेव्हा मूळ पदार्थच बदलतो, आणि पदार्थ बदलला की हुकूमही बदलतो. फिकहमध्ये याला इस्तिहाला म्हणतात. दारूचा सिरका झाला की तो हलाल होतो, हे तर आपल्या घरातल्या बायकाही जाणतात.

मी एका मुफ्तीसाहेबांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी मला इज्तिरारचा, म्हणजे नाइलाजाचा नियम सांगितला. कुरआनात सूरह बकरामध्ये निषिद्ध अन्नाची यादी दिल्यावर लगेचच, जो नाइलाजात सापडला आणि ज्याच्या मनात अवज्ञा नाही त्याच्यावर गुनाह नाही, असे आले आहे. मग म्हणाले, जिलेटिनच्या कॅप्सूल तुम्ही आजवर किती गिळल्या, तेव्हा कोणाला विचारायला आला होता? मी हसलो. बाहेर पडलो तेव्हा माझ्या लक्षात आले की मी जरासा नाराज झालो आहे. मला त्यांच्याकडून 'नाही' ऐकायचे होते. त्यांनी एकदा 'नाही' म्हटले असते तर अम्मी, पत्नी, शाळा आणि मी असे सगळेच सुटलो असतो. आपण दीनी प्रश्न घेऊन जातो तेव्हा दर वेळी उत्तर हवे असते असे नाही. पुष्कळदा आपल्याला सुट्टी हवी असते.

फतव्याची वाट बंद झाल्यावर माझ्याकडे एकच शब्द उरला, तवक्कुल. अल्लाहवर भरवसा. त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही, मुलीचे रक्षण तोच करील. हे म्हणताना मी खोटे बोलत नव्हतो, माझा तसा विश्वास आहे. पण विश्वासाचा हा हिशेब मी कसा मांडत होतो? सुई टोचल्यावर ताप आला तर तो माझ्यामुळे आला. सुई न टोचता गोवर आला तर तो अल्लाहच्या मर्जीने आला. पहिल्या तापाला मी जबाबदार, दुसऱ्याला तकदीर. केलेल्या गोष्टीचे ओझे आपल्या खांद्यावर आणि न केलेल्या गोष्टीचे अर्शवर! बापाला सगळ्यांत सोयीची वाटणी हीच. हाताने काही केले नाही की हात स्वच्छ दिसतात.

इस्लामच्या इतिहासात या वाटणीवर एकदा भर रस्त्यात वाद झालेला आहे. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे ताऊन, म्हणजे प्लेग पसरला आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतीचा हुकूम दिला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हरकत घेतली की आपण अल्लाहच्या तकदीरीपासून पळता आहात काय. हजरत उमर यांचे म्हणणे असे होते की होय, पण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. पुढे त्यांनी चरणाऱ्या उंटांचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी, एक उजाड. हिरव्या बाजूला चारले तरी ती अल्लाहचीच तकदीर आणि उजाड बाजूला चारले तरी त्याचीच. मग निवड करायची नाही का?

हा प्रसंग मी वर्गात कितीतरी वेळा सांगितला आहे आणि दर वेळी मुलांना हजरत उमर आवडावेत अशा रीतीने सांगितला आहे. अलीकडे मी अबू उबैदांचाच जास्त विचार करतो. त्यांना नंतर खलिफांचे पत्र आले होते, तिथून निघून या म्हणून. ते गेले नाहीत. माझे सैनिक इथे असताना मी एकटा कसा निघू, असे त्यांनी कळवले आणि इ. स. ६३९ मध्ये, अमवासच्या त्या साथीतच ते वारले. त्यांचा तवक्कुल कोणी खोटा म्हणू शकेल? त्यांनी डाव लावला तो आपल्या जिवाचा. मी डाव लावला होता अकरा महिन्यांच्या मुलीचा, आणि माझ्या स्वतःच्या दंडावर लहानपणच्या टोचणीचा व्रण आहे. माझ्या आईबापांनी माझ्यासाठी ज्या सुईला हो म्हटले, तिच्या सावलीत बसून मी मुलीच्या वतीने तवक्कुल करत होतो. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या भरवशाला कोणता शब्द आहे, मला माहीत नाही. तवक्कुल नसावा.

औलाद ही अमानत आहे, असे आपण जुम्याच्या खुतब्यात नेहमी ऐकतो. अमानतीचा अर्थ मी तेव्हा असा घेतला होता की ती माझ्याकडे आहे, म्हणून निर्णय माझा. खरे तर कोणी आपल्याकडे दागिने ठेवायला दिले तर आपण आपल्या दागिन्यांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी घेतो. आपले दागिने एखाद्या दिवशी उघड्यावर राहिले तरी चालते.

२०१९ मध्ये अब्बा-अम्मी हजला गेले. जाण्याआधी शिबिरात मेंदूज्वराची लस टोचली, पोलिओचे थेंब पाजले. अम्मीने दंड पुढे केला, कार्ड जपून पिशवीत ठेवले, शेजारणींना दाखवले. 'सरकारी सुई' त्या दिवशी 'हज की सुई' झाली होती. तेव्हा मी बोलू शकलो असतो. ती मक्केला निघालेली, घरात पाहुण्यांची वर्दळ, गळ्यांत हार. अशा वेळी कशाला विषय काढायचा, म्हणून गप्प राहिलो. नंतर २०२० आले, केंद्रे बंद पडली, लोक दवाखान्याच्या दारातही जाईनात. मला आणखी एक कारण मिळाले. कारणे मिळत जातात.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला गोवरची साथ सुरू झाली आणि भिवंडी, मालेगावपर्यंत आली. माझी मुलगी तेव्हा पावणेपाच वर्षांची. आधी ताप, कोरडा खोकला, डोळे लाल. सर्दीच म्हणून आम्ही दिवस काढले. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ उठले. अम्मीने बघताच ओळखले. तिने बिछान्यावर खाकसी पसरली, मुनक्के भिजत घातले, दार लोटून घेतले. तिने जे केले ते मायेने केले, आणि मुलीला त्याने बरेही वाटत होते. दवाखान्यात जीवनसत्त्व 'अ' चे दोन डोस दोन दिवस दिले. दहा दिवसांत मुलगी उठून बसली.

पण गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच पसरत असतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे ठाऊक असते. त्या चार दिवसांत माझ्या धाकट्या भावाचा सात महिन्यांचा मुलगा रोज तिच्या मांडीवर होता. ती त्याला चेंडू दाखवायची आणि तो खिदळायचा. लस घेण्याचे त्याचे वयच झाले नव्हते. अशा बाळांना आजूबाजूच्यांनी घेतलेली लसच राखते. त्याला गोवर झाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस तो ऑक्सिजनवर होता.

दाखल करताना डॉक्टरांनी विचारले, घरात आधी कोणाला झाला, तिला लस दिली होती का. मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात पत्नी म्हणाली, "नहीं दी थी." भावाने माझ्याकडे पाहिले. तो सायझिंगमध्ये कामाला आहे. चार वर्षांपूर्वी तिथे त्याला कोणीतरी सांगितले होते की तुझ्या भावाने स्वतःच्या मुलीला लस दिली, म्हणून आम्हीही सह्या केल्या. रात्री दवाखान्याच्या जिन्यावर तो एवढेच बोलला, "मुझे लगा, अम्मी से छुपाके बाहर ही बाहर दे दिया होगा." माझे खोटे सगळ्या गावाला फेरी मारून माझ्याच घरात येऊन बसले होते, आणि भावाने त्याच्या भरवशावर आपले मूल माझ्या मुलीच्या मांडीवर दिले होते.

ज्या चोवीस मुलांच्या सह्या मी त्या एका वाक्यावर मिळवल्या, ती २०२२ मध्ये दहावीत होती. त्यांच्यातल्या कोणाला गोवर झाल्याचे माझ्या कानावर आले नाही. म्हणजे खोटे फळले. अमल नियतीवर ठरतात, असे आपण मानतो. मग माझी नियत काय होती? मुलांचे भले व्हावे ही होतीच. पण त्या क्षणी, मागच्या बाकावरून प्रश्न आला त्या क्षणी, मला माझी इभ्रत वाचवायची होती. भले तिच्या पाठोपाठ आले.

आणि मामूंचा मास्तर? त्यालाही कोणी सांगितले असेल की देशाचे भले आहे. त्याच्याही घरी मुले असतील आणि पगार अडला असेल. त्याच्या आणि माझ्या कामात फरक आहे, फार मोठा आहे. एकाने हिरावून घेतले, दुसऱ्याने वाचवले. तरी दोघांनीही समोरच्याला खरे न सांगता कागदावर खूण मिळवली. संमतीपत्र हा शब्द मी तेव्हा रोज वीस वेळा उच्चारत होतो. ज्याला खरे सांगितले नाही त्याची संमती कसली? त्या पालकांना फळ्यावरचा विषाणू समजला नसेलही. पण त्यांनी मला विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता. तुम्ही आम्हाला ज्या पाण्यात उतरायला सांगता त्यात तुमचे मूल आहे का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. पिढ्यान्पिढ्या फसवला गेलेला माणूस माहिती तपासू शकत नाही, तो माणूस तपासतो. आणि आमच्या वस्तीत त्याने तपासायचा माणूस म्हणजे मास्तर.

आमच्या जलशांमध्ये अल-राजीचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत, हे त्याने अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले, हे खरेच आहे. मीही भाषणात ते वापरतो. हल्ली ते वाक्य घशाशी आले की जरा अडखळतो.

पुतण्या आता तीन वर्षांचा झाला आहे. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येते. हाक मारली की मान वळवून उजवा कान पुढे करतो. डॉक्टर म्हणतात, गोवरात कान फुटून असे होऊ शकते, पण यामुळेच झाले असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. भाऊही कधी तसे म्हणत नाही. ईदला तो पहिल्यासारखाच गळ्यात पडतो.

२०२३ मध्ये मला मुलगा झाला. नऊ महिने पूर्ण झाले त्या सकाळी पत्नीने कार्ड काढले आणि चप्पल घातली. अम्मी आमच्याबरोबर आली नाही. तिने दारात त्याला घेतले, काहीतरी पुटपुटून त्याच्या अंगावर दम फुंकला आणि पत्नीच्या हातात दिला. परत आलो तेव्हा तिने ताप येतो का ते पाहण्यासाठी रात्रभर त्याच्या कपाळावर हात ठेवला होता.

यंदा पाचवीच्या वर्गासाठी धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे कागद आले. मागच्या बाकावरच्या त्या पालकांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात आहे. ते रातपाळीहून आले, या वेळी पेन त्यांच्या खिशात होते, काही न विचारता सही करायला वाकले. मी त्यांना थांबवले. म्हणालो, २०१८ मध्ये तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, तेव्हा मी तुमच्याशी खोटे बोललो होतो. पुढचेही सगळे सांगितले, पुतण्यापर्यंत. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावलेले दिसले नाहीत, दमलेले दिसले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "कल भेजता हूं."

दुसऱ्या दिवशी मुलाने कागद आणून दिला. त्यावर सही होती, मुलाच्या आईची. उर्दूत, सावकाश, एकेक अक्षर सुटे लिहिलेली.